डावं पान बाबांचं, उजवं माझं

आमच्या घरात चिंच दोन कामांसाठी लागायची. एक आमटीसाठी आणि दुसरं काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या धुण्यासाठी. पुंगळ्या पितळेच्या असत. रविवारी रेंजवर बाबा पिस्तूल झाडत आणि उडालेल्या पुंगळ्या मी गवतातून वेचून आणत असे. एकदा वापरलेली पुंगळी टाकून द्यायची नसते. ती धुऊन, दाबून पुन्हा मापात आणून, तिच्यात ठिणगी पाडणारा नवा प्रायमर, दारूची नवी पावडर आणि नवी गोळी बसवता येते. पण त्याआधी ती स्वच्छ हवी. बाकीचे नेमबाज पुंगळ्या एका यंत्रात घालून अक्रोडाच्या टरफलांच्या भुशाबरोबर तासन्‌तास फिरवत. बाबांनीही तसलं यंत्र आणलं होतं. ते बेसमेंटमध्ये दिवसभर घरघरत राही आणि वर पोळ्या लाटणाऱ्या आईच्या पायांखालची जमीन थरथरे. शेवटी कंटाळून तीच खाली आली, एक पुंगळी उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "पितळच आहे ना? मग एवढा तमाशा कशाला?" चिंचेचा कोळ, मूठभर मीठ, गरम पाणी आणि जुनी बादली. अर्ध्या तासात पुंगळ्या लखलखीत झाल्या. मग त्या मागच्या डेकवर जुन्या सुती साडीवर पसरायच्या, कुरडया पसरतात तशा, आणि उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवायच्या. शेजारच्या बाईंनी कुंपणावरून एकदा विचारलं होतं, हा काही पूजेचा प्रकार आहे का. आई म्हणाली, "येस, सन्डे पूजा."

पूजेचे नियमही होते. रेंजवरचे कपडे वर आणायचे नाहीत, ते बेसमेंटमध्येच वेगळ्या टोपलीत. गोळ्यांच्या शिशाला हात लागला की कोपरापर्यंत साबण, मगच स्वयंपाकघर. आई त्याला शिशाचं सोवळं म्हणायची. तिच्या माहेरी, नागपूरला, सोवळं वगैरे कधी कुणी पाळलं नव्हतं. अमेरिकेत येऊन हे नशिबी आलं, असं ती पाहुण्यांना हसत सांगायची. पाहुणे हसत, पण बेसमेंटच्या जिन्याकडे बघत. कोलंबसजवळच्या आमच्या त्या डब्लिन गावात मराठी घरं पुष्कळ होती. कुणाकडे तबला होता, कुणाकडे टेबल टेनिस. पिस्तूल आमच्याच घरी होतं.

बाबांचं काम मापं तपासण्याचं. कारखान्यांची मोजमापाची साधनं त्यांच्या प्रयोगशाळेत येत आणि ती खरं मोजतात की नाही, हे बाबा ठरवत. पोलादी ठोकळ्यावर ठोकळा बसवायचा आणि केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाएवढा फरक शोधायचा, असं ते काम. त्यासाठी जो हात लागतो तो त्यांचा होता. आईला सुईत दोरा ओवून हवा असला तर ती बाबांकडे जायची. पुण्याला माझ्या आजोबांना कंपवात होता. मी पाच वर्षांची असताना त्यांना एकदाच पाहिलं. खुर्ची, हनुवटीखाली टॉवेल आणि आजी चमच्याने खिमट भरवते आहे, एवढंच आठवतं. बाबा दर दोन वर्षांनी जाऊन येत आणि आल्यावर आठवडाभर घरात फारसं बोलत नसत.

ग्रीन कार्ड आल्यावर ऑफिसातला कुणीतरी त्यांना रेंजवर घेऊन गेला आणि ते तिथलेच झाले. त्यांचा प्रकार जुन्या पद्धतीचा होता. पंचवीस यार्डांवरचं कागदी लक्ष्य, उजवा हात सरळ पुढे, डावा खिशात. एका हातावर पिस्तूल तोलून श्वास धरायचा आणि काहीही हलू द्यायचं नाही. तेव्हा मला तो छंद वाटायचा. ते दर रविवारी हात तपासायला जात होते, हे फार उशिरा लक्षात आलं. ज्याच्याबद्दल शंका आहे ते ठरावीक काळाने मोजत राहायचं, ही त्यांच्या कामाची रीतच होती.

विकतची काडतुसं एकसारखी नसतात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून घरी भरायची. संध्याकाळी शाळेचा अभ्यास झाला की मी खाली जाऊन तराजूसमोर बसायची. पावडरचं प्रत्येक माप वजन करून पुंगळीत ओतायचं आणि प्रत्येक पुंगळीत बॅटरीचा उजेड टाकून पातळी बघायची. आम्ही फार बोलत नसू. दमट हवा खेचणारं यंत्र कोपऱ्यात गुणगुणत असे, वरून फोडणीचा वास येई आणि हात धुतल्याशिवाय खायचं काही मिळणार नाही, हे ठाऊक असे. बाबांचं म्हणणं साधं होतं. दहा गोळ्या एकाच वेगाने सुटल्या तर दहा भोकं एका जागी पडतील. म्हणून वेग मोजायचा. रेंजवर पिस्तुलासमोर थोड्या अंतरावर दोन तारेच्या चौकटी उभ्या करायच्या, गोळी त्यांच्यातून जाते आणि सेकंदाला किती फूट ते एका डबीच्या पडद्यावर उमटतं. ती डबी माझ्या मांडीवर असे. बाबा झाडत आणि मान न वळवता विचारत, "किती?"

"सातशे शेहेचाळीस."

"पुढचा."

आमची वही चौकटीच्या कागदाची, जाड पुठ्ठ्याची होती. डावं पान बाबांचं होतं. पुंगळ्या कितव्यांदा भरल्या, पावडर किती, गोळीचं वजन, हवा कशी, हे सगळं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. उजवं पान माझं होतं, त्यावर वेगाचे आकडे आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांतला फरक. नियम त्यांच्या प्रयोगशाळेचे. पेन्सिल नाही, पेनच. खाडाखोड नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी सही आणि तारीख. "चूक झाली, हरकत नाही," ते म्हणत, "ती दिसली पाहिजे." मी आज औषधांच्या कारखान्यांत फिरून त्यांच्या नोंदवह्या तपासते. नवीन पोरं मला विचारतात, एवढा जुना नियम तुम्ही कुठे शिकलात. मी सांगते, घरी.

मी सोळा वर्षांची होते त्या उन्हाळ्यात भोकं पांगायला लागली. आधी बशीएवढ्या जागेत, मग ताटाएवढ्या. बाबांनी पुंगळ्या एकेक करून तोलल्या, लांबी मोजून वेगळ्या केल्या, गोळ्यांचा नवा खोका आणला. भोकं पांगतच राहिली. आदल्या दिवाळीतच आईने चहाच्या बश्या वरच्या फळीवर ठेवून दिल्या होत्या आणि बाबांना स्टीलच्या पेल्यात चहा द्यायला लागली होती, तोही अर्धाच. बाबांनी का म्हणून विचारलं नाही. मीही नाही. वहीतलं बाबांचं अक्षरही बारीक होत होतं. एका चौकटीत एक आकडा मावायचा तिथे आता दोन मावत. मला वाटलं, पानं वाचवताहेत.

रेंजवर आमच्या शेजारच्या बाकावर वॉल्टर बसायचा. सत्तरी उलटलेला, जन्मभर लेथवर काम करून निवृत्त झालेला. आईने मला त्याला काका म्हणायला लावलं होतं आणि त्याला ते इतकं आवडलं की तो इतरांना सांगे, "मी इथला काका आहे." एका रविवारी बाबा क्लबचा फॉर्म भरायला कचेरीत गेले तेव्हा तो माझ्याकडे आला.

"तुझ्या डॅडची दहा दे मला, किडो."

त्याने ती स्वतःच्या पिस्तुलात भरली, वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवलं आणि सावकाश झाडली. मग आम्ही दोघं लक्ष्यापर्यंत चालत गेलो. दहा भोकं वाटीच्या तळाएवढ्या जागेत होती.

"माझ्यापेक्षा चांगली भरतो तो," वॉल्टर म्हणाला. "आणि हे आकड्यांचं वेड कशाला? इतक्या जवळून वेग चाळीसने इकडेतिकडे झाला तरी भोक नखभरही सरकत नाही."

"मग भोकं का पांगतात, वॉल्टरकाका?"

तो कागद काढत होता. "तू बघतेस ना त्याच्याकडे? हाताकडे बघ."

"तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी सांगितलं तर तो दुसरा क्लब शोधेल. हे घरच्या माणसानं सांगायचं असतं, हनी." त्याने कागदाची घडी करून स्वतःच्या खिशात टाकली. बाबा परत आले तेव्हा तो त्यांच्याशी बेसबॉलबद्दल बोलत होता.

पुढच्या रविवारी मी हाताकडे पाहिलं. पिस्तूल उचलण्याआधी, हात नुसता मांडीवर असताना, अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती, तपकिरीची चिमूट चोळावी तशी. बाबांना ते दिसत नव्हतं किंवा ते तिकडे बघत नव्हते. त्यांनी कानावर आवाज अडवणारे मफ चढवले आणि मला म्हणाले, "आज दहा. फरक वीसच्या आत आला तर काडतुसांत दोष नाही. मग दुसरीकडे बघावं लागेल." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते बोलले नाहीत. पण ते बोलताना त्यांनी उजवा हात खिशात घातला.

पहिला आकडा सातशे शेहेचाळीस आला, तो मी खरा सांगितला. दुसरा सातशे एक्कावन्न. मी सांगितलं, "सातशे बारा."

"सातशे बारा?"

"हो."

तिसरा सातशे अठ्ठेचाळीस होता. मी म्हणाले, "सहाशे अठ्ठ्याण्णव." बाबांनी पिस्तूल खाली ठेवलं, माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा उजळला. खराब आकडा ऐकून उजळलेला चेहरा मी तेवढाच पाहिला आहे. "तरी मी म्हणतोय," ते म्हणाले, "काहीतरी गडबड आहे पावडरमध्ये. लिही, लिही."

मी लिहिलं, पेनने, उजव्या पानावर. त्यांच्यावर दया आली म्हणून नाही. मी घाबरले होते, त्या खुर्चीला आणि टॉवेलला. पण खरा आकडा टाकून देणं मला जमेना. त्या घरात वाढलेल्या मुलीला ते जमणारं नव्हतं. मांडीवर बीजगणिताची वही होती. तिच्या शेवटच्या पानावर मी पेन्सिलने खरे दहाच्या दहा लिहून ठेवले. पुढे दर रविवारी असंच. एका वहीत खोटे, दुसरीत खरे.

बाबांनी कारण शोधायला घेतलं आणि पहिला आळ चिंचेवर आला. पुंगळ्यांच्या तळाशी ओल राहते, ती पावडर मारते, असं त्यांनी जेवताना जाहीर केलं. आई आमटी वाढत होती.

"दोन दिवस उन्हात असतात. ओल कुठून राहील?"

"आकडे सांगताहेत."

"आकड्यांनी धुतली होती का भांडी?" आई म्हणाली, पण हसली नाही. दुसऱ्या दिवशी बादली गॅरेजमध्ये गेली आणि अक्रोडाच्या टरफलांचं यंत्र पुन्हा घरघरायला लागलं. आई त्यानंतर बेसमेंटमध्ये उतरली नाही. मी तेव्हा बोलू शकले असते. मी भात कालवला आणि खाल्ला.

वेग अर्थातच सुधारला नाही, कारण मी सुधारू दिला नाही. मग बाबांनी ठरवलं की बेसमेंटच्या दमट हवेत पावडरच अशक्त झाली आहे, तर माप थोडं वाढवायचं. थोडं वाढवलं. मी आकडे खालीच ठेवले. आणखी थोडं. काडतुसं भरण्याच्या पुस्तकात कमाल मर्यादा दिलेली होती, तिच्या अलीकडे ते आठवडाभर थांबले. मग म्हणाले, "पुस्तकातला आकडा ताज्या पावडरचा आहे. वेग कमी, म्हणजे आतला दाबही कमी. वेग कशाला खोटं बोलेल?" मी समोर तराजूवर बसले होते. वाढीव माप मीच तोलून दिलं.

एक गोष्ट खोटं बोलत नव्हती, ती म्हणजे पुंगळ्या. आधी त्या बाकापासून चार पावलांवर पडत. आता मला त्या गवताच्या पार टोकाला, कुंपणाशी सापडायला लागल्या. जोर वाढला की पुंगळी लांब उडते, हे मला कुणी शिकवायला नको होतं. वेचणारी मी होते. एकदा बाबांनी विचारलं, "एवढ्या लांब कुठे जातेस?" मी म्हटलं, "लांब उडताहेत, बाबा." ते म्हणाले, "पिस्तुलातली स्प्रिंग सैल झाली असेल," आणि नवी स्प्रिंग बसवली. त्यांच्या हातात मापाचं साधन होतं आणि त्याचं वाचन मी देत होते. गवताकडे बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

तो सप्टेंबरचा रविवार होता. रेंजच्या मागे सोयाबीन पिवळं पडलं होतं. सकाळी पोहे झाले होते, आईने डब्यात थोडे बांधूनही दिले होते. बाबांनी नव्या मापाची पाच काडतुसं बाकावर ओळीत ठेवली. पहिली गोळी सुटली आणि माझ्या मांडीवरच्या डबीत आठशे एकाहत्तर उमटलं. एवढा आकडा मी कधी पाहिला नव्हता.

"किती?"

"सातशे वीस."

दुसरा आठशे ऐंशी. "सातशे आठ," मी म्हणाले. शेजारून वॉल्टरने एका कानावरचा मफ उचलला. "विजय, बडी, दॅट साउंड्स हॉट. पावडर जास्त होतेय."

"आकडे तर कमीच आहेत," बाबा म्हणाले.

वॉल्टरने माझ्याकडे पाहिलं. मी वहीत बघत राहिले. "थांबा" एवढं म्हणायला एक सेकंद पुरला असता. पण थांबा म्हटलं की का म्हणून विचारलं असतं. का सांगायचं तर सगळा उन्हाळा सांगावा लागला असता आणि उन्हाळा सांगितला की हात. मी इतकी वर्षं हा हिशेब वेगवेगळ्या बाजूंनी करून पाहिला आहे. तो तेवढाच निघतो. तिसऱ्यालाही मी खोटा आकडा सांगितला.

चौथी गोळी सुटली तो आवाज वेगळा होता, कोरडा, लाकूड फाटल्यासारखा. पुंगळीचा तळ आतच फुटला होता. पिस्तुलाच्या मुठीतून काडतुसांचा खण खाली उडून बाकावर आपटला आणि मुठीची लाकडी पट्टी फुटून तिची ढलपी बाबांच्या तळव्यात आरपार गेली. बाबा हलले नाहीत. हात अजून सरळ पुढेच होता आणि त्याच्यावरून रक्त कोपरापर्यंत येऊन खाली टपकत होतं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "किती?"

डबीत नऊशे चार होते. मी म्हणाले, "रीडिंग नाही आलं."

वॉल्टरने त्यांच्या हातातलं पिस्तूल सोडवलं, स्वतःचा शर्ट काढून हाताला गुंडाळला आणि मला गाडीची किल्ली आणायला पाठवलं. मी किल्लीबरोबर दोन्ही वह्याही उचलल्या. पोह्यांचा डबा तिथेच राहिला.

दोन ऑपरेशनं झाली. तळव्यातल्या दोन शिरा शिवल्या. मग हातासाठी व्यायाम, मऊ चेंडू दाबायचा, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे. हात थरथरत होता आणि आता त्याला कारण होतं. येणारेजाणारे विचारत, बाबा म्हणत, अपघातापासून. आई म्हणे, त्या दिवसापासून. प्रयोगशाळेने त्यांना ठोकळ्यांवरून काढून प्रमाणपत्रं तपासायच्या टेबलावर बसवलं. मला वाटतं, बाबांना त्या हिवाळ्यात बरं वाटत होतं. हात जखमेने गेला होता. जखमेचं तुम्ही काय करणार? काकू-मावश्या डबे घेऊन येत, मला कोपऱ्यात घेऊन विचारत, "तू जवळच होतीस ना गं? शॉक बसला असेल." मी हो म्हणत असे. वॉल्टरकाका एकदा घरी बनवलेली बिस्किटं घेऊन आला. अर्धा तास बसला, माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही आणि पुन्हा आला नाही.

वसंतात डावा अंगठाही हलायला लागला. उजव्याचं काम डाव्यावर पडतंय म्हणून, असं बाबांचं म्हणणं. पण सर्जनने मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मला नुकतंच लायसन्स मिळालं होतं, मीच गाडी चालवत बाबांना आणि आईला घेऊन गेले. निघताना दप्तरात आमची जाड पुठ्ठ्याची वही टाकली. बोलेन की नाही हे ठरलं नव्हतं, पण वही टाकली. डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी बाबांना चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि विचारलं, कधीपासून?

"अपघातापासून. सात महिने."

"त्याआधी काहीच नाही?"

"नाही."

त्या म्हणाल्या, सगळं अपघातानंतर सुरू झालं असेल तर मी घाई करणार नाही. शिरांना वेळ लागतो, सहा महिने वाट बघू. नाहीतर आजच वेगळ्या दिशेने विचार करून औषध सुरू करावं लागेल. बाबांनी मान हलवली. ते उठायलाही लागले.

मी म्हटलं, "त्याआधीपासून आहे."

मी वही उघडून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली आणि डावी पानं दाखवली. दोन वर्षांपूर्वीचं टपोरं अक्षर, मग पान उलटत जाल तसं आक्रसत गेलेलं. अपघाताच्या आदल्या दिवशीचं पान तर भिंग घेऊन वाचावं असं. बाईंनी पानं पुढेमागे केली आणि त्यांचं पेन कागदावर चालायला लागलं. मग आई मराठीत म्हणाली, "गेल्याच्या गेल्या दिवाळीपासून मी पेला अर्धाच भरते. सांग त्यांना." मी इंग्रजीत सांगितलं. आई बाबांकडे वळली, "मला वाटलं तुमच्या लक्षात नाही आलं."

"तू बश्या वर ठेवल्यास तेव्हाच आलं," बाबा म्हणाले.

आम्ही तिघंही कुणाकडे बघत नव्हतो. बाबा वहीकडे बघत होते. डावीकडे नाही, उजवीकडे.

"आणि हे?" त्यांनी विचारलं.

"खोटे आहेत."

"कुठून?"

"जूनपासून."

बाई औषधाबद्दल सांगायला लागल्या. बाबा शांतपणे ऐकत होते. त्यांनी दोन अगदी योग्य प्रश्न विचारले.

त्या रविवारी सकाळी बाबांनी मला जेवणाच्या टेबलाशी बसवलं, आमची वही आणि बीजगणिताची वही शेजारीशेजारी ठेवली आणि पेन दिलं. "एक रेघ. वर खरा आकडा. सही. तारीख आजची टाक, तेव्हाची नाही." आकडे शंभराच्या वर होते. ते एकेक वाचून दाखवत आणि मी रेघ मारत होते. आईने उसळ आणि भात आणून ठेवला आणि तासाभराने निवलेलाच परत नेला. पहिल्या दिवसाचं पान पुरं झालं तेव्हा त्यांनी फरक काढला. चौदा. त्या आकड्याकडे ते बराच वेळ बघत होते. आयुष्यात भरलेली त्यांची सर्वांत चांगली काडतुसं होती ती.

शेवटच्या पानाशी आलो. "इथे लिहिलंयस, रीडिंग नाही आलं."

"आलं होतं. नऊशे चार."

"पहिल्यापासून आठशेच्या वर दिसत होतं तुला."

"हो."

"आणि तू मला चौथी झाडू दिलीस."

"हो, बाबा."

त्यांनी पेनाचं टोपण लावायचा प्रयत्न केला. तिसऱ्या खेपेला लागलं. मग ते काढून पेन पुन्हा माझ्याकडे दिलं. "लिही." मी रेघ मारली, नऊशे चार लिहिलं, सही केली. ते स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "ऐकलंस का? चिंचेत दोष नव्हता."

"ठाऊक होतं मला," आतून आई म्हणाली. ताटं पुन्हा आली. आम्ही जेवलो. या विषयावर बाबा माझ्याशी त्यानंतर कधीच बोलले नाहीत. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

वहीची अर्ध्याहून जास्त पानं कोरी होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दर आठवड्याला कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखं आतून बाहेर वेटोळं काढा, औषध कसं लागू पडतंय ते कळेल. बाबांनी ते डाव्या पानावर काढायचं ठरवलं. उजवं पान माझंच. दर रविवारी, रेंजची वेळ होती तेव्हा, ते शर्ट घालून टेबलाशी बसत आणि मी स्टॉपवॉच सुरू करत असे. सात बटणं लावायला किती वेळ लागतो, ते उजव्या पानावर. मी कॉलेजला गेले तरी रविवारी गाडीने घरी यायची. नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावरसुद्धा फार थोडे रविवार चुकले. अकरा वर्षं. पहिल्या वर्षी सात बटणं पन्नास सेकंदांत लागत. वेटोळी आधी दातेरी झाली, मग बुटकी, मग नुसता ठिपक्यांचा गुंता. शेवटच्या तीन वर्षांत डावं पान कोरं आहे. उजवं भरलेलं आहे.

खुर्ची आली, टॉवेलही आला. आई खिमट भरवायची आणि टिपायची. आवाज अगदी खोल गेला होता, कान तोंडाशी न्यावा लागे. पण बटणं लावायचा हट्ट त्यांनी सोडला नाही. शेवटच्या नोंदीच्या दिवशी तीन लागली, चौथ्याशी बोटं थांबली आणि त्यांनी हात खाली घेतले. मी घड्याळ बंद केलं. त्यांनी मान न वळवता विचारलं, "किती?"

मी वाकून त्यांच्या कानाशी सांगितलं, "नऊ मिनिटं चाळीस. तीनच लागली."

"लिही," ते म्हणाले.